दिलेलं प्यादं: एव्हान्स गॅम्बिटच्या प्रकल्प नोंदी

१ जून २०२५

वही नवी आहे, म्हणून आधी अटी लिहून ठेवते. आजपासून लक्ष्मीपूजनापर्यंत पांढरे मोहरे आले की पहिली खेळी ई४, म्हणजे ई-पट्टीतलं प्यादं चौथ्या ओळीवर (घरांची नावं सगळीकडे अशीच, पट्टीचं अक्षर आणि ओळीचा आकडा). काळ्याने ई५, मग घोडा सी६, मग उंट सी५ असं येऊ दिलं, तर चौथ्या खेळीला बी४. म्हणजे एव्हान्स गॅम्बिट, सुरुवातीलाच एक प्यादं मुद्दाम देऊन हल्ल्यासाठी वेळ मिळवायची चाल. समोर कोण बसलंय, त्याचं रेटिंग किती, स्पर्धा आहे की सरावाचा डाव, यातलं काही बघायचं नाही. डाव झाला की विश्लेषण आधी हाताने वहीत, इंजिन (खेळ्या तपासणारा संगणक) दुसऱ्या दिवशी. आणि महत्त्वाच्या खेळीला किती वेळ घेतला तो आकडा समासात.

गेली अकरा वर्षं मी डी४ आणि उंट एफ४ खेळत आले. मार्चमधल्या स्पर्धेत माझे सलग तीन डाव बरोबरीत सुटले. घरी येऊन स्कोअरशीट चाळल्या तेव्हा लक्षात आलं, की तिन्ही डावांत मिळून मी समोरच्या राजाला एकदाही शह दिला नव्हता. त्या रात्री झोप लागली नाही. बुद्धिबळ मला आवडतं ते राजावर चालून जाण्यासाठी. शाळेत असताना मी तशीच खेळायचे. मग रेटिंग आलं, ते सांभाळायची सवय लागली आणि खेळ आक्रसत गेला.

किंग्ज गॅम्बिट का नाही, हेही लिहून ठेवते. त्यात एफचं प्यादं जातं आणि आपल्याच राजाचं दार उघडं पडतं. एव्हान्समध्ये जातं ते बीचं प्यादं, वजिराच्या बाजूचं. आपला राजा कॅसलिंग करून (एका खेळीत हत्तीच्या आडोशाला कडेला जाऊन) निवांत बसतो आणि हल्ला आपल्याकडून सुरू होतो. हा फरक माझ्यासाठी मोठा आहे.

४ जून

आज फक्त मूळ कल्पना, स्वतःच्या शब्दांत.

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. उंट सी४ उंट सी५. इथे पांढऱ्याला सी३ आणि डी४ करून मधली घरं ताब्यात घ्यायची असतात. पण साधं सी३ केलं की काळ्याला एक खेळी फुकट मिळते, घोडा एफ६ वर येतो आणि ई४ च्या प्याद्यावर डोळा ठेवतो. एव्हान्सचं म्हणणं असं: ४. बी४. काळ्याच्या उंटाने ते घेतलं की ५. सी३ हे नुसतं प्यादं पुढे करणं राहत नाही, ते उंटावर चाल करून जातं. उंटाला परत हलावं लागतं. तेवढ्यात ६. डी४. म्हणजे एक प्यादं देऊन एक खेळी विकत घेतली.

त्यावर दोन गोष्टी वरकड मिळतात. बी२ रिकामं झाल्यामुळे सी१ च्या उंटाला ए३ चं घर मिळतं आणि तिथून तो एफ८ पर्यंत बघतो, त्यामुळे काळ्याचं कॅसलिंग अडतं. आणि वजीर बी३ वर आला की सी४ च्या उंटाबरोबर त्याची नजर एफ७ वर पडते.

हे शोधणारा विल्यम डेव्हिस एव्हान्स हा वेल्सचा जहाजाचा कप्तान. मिलफर्ड हेवन आणि आयर्लंडमधलं वॉटरफर्ड यांच्यामध्ये टपाल नेणारी बोट चालवायचा. १८२० च्या दशकात त्याने ही चाल बसवली आणि लंडनमध्ये मॅकडॉनेलसारख्या बलाढ्य खेळाडूला तिने हरवलं. मॅकडॉनेलने ती उचलली आणि १८३४ मध्ये ला बुर्दोनेविरुद्धच्या लढतींत वापरली. आपल्याला ज्याने मारलं ते शस्त्र आपलंसं करणं, हे मला फार आवडलं.

११ जून

ऑनलाइन सहा डाव, पंधरा मिनिटांचे. पांढरे मोहरे चार वेळा आले, बी४ करता आलं एकदाच. बाकी तिघांत दोन सिसिलियन आणि एक फ्रेंच, म्हणजे पहिल्या खेळीला ई५ न करणारे बचाव. ई४ खेळलं म्हणजे एव्हान्स मिळालाच असं नाही, हे आकड्यांत पकडून चालायला हवं.

मिळालेला डाव मात्र मनासारखा. काळ्याने उंट ए५ वर नेला, डी४ नंतर ई-डी (ई-प्याद्याने डी४ चं प्यादं घेतलं), मी कॅसलिंग केलं आणि त्याने सी३ चंही प्यादं खाल्लं. तीन प्यादी दिली, पण मोहरे सगळे बाहेर. वजीर बी३, घोड्याने सी३ वर परत घेतलं, उंट ए३. एकोणिसाव्या खेळीला मात. जुन्या पुस्तकांत काळ्याच्या या खादाडपणाला स्वतंत्र नाव आहे, कॉम्प्रमाइज्ड डिफेन्स.

फिशरने १९६३ मध्ये न्यूयॉर्कला रूबेन फाइनला हाच धडा सतरा खेळ्यांत दिला होता. शेवटची खेळी वजीर जी३. काळ्याने तो वजीर खाल्ला तर उंट एफ६ वर येतो आणि मात. पटावर लावून बघितलं. ई१ चा हत्ती ई-पट्टी धरून बसलाय, उंट तिरप्या रेषेतून शह देतोय, आणि राजाला त्याच्याच मोहऱ्यांनी कोंडलंय.

२२ जून

आज लिहायला जड जातंय, पण हीच नोंद गरजेची आहे.

संध्याकाळी आमच्या मंडळात आण्णांशी डाव. आण्णा सत्तरीच्या पुढचे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, त्या वातावरणात वाढलेली ही पिढी. त्यांनी बी४ बघितलं, चष्मा वर सरकवला आणि प्यादं घेतलं. सी३, उंट ए५. डी४, डी६. मी कॅसलिंग केलं आणि आण्णांनी सातवी खेळी केली: उंट बी६.

ई५ चं प्यादं मोकळं दिसत होतं. मी ते घेतलं. डी-ई, डी-ई, वजीरावजिरी, मग घोड्याने ई५ चं दुसरं प्यादं. हिशोब चुकता, प्यादी सारखी. आणि तिथेच माझा डाव संपला होता, ते कळायला पंधरा खेळ्या लागल्या. आण्णांनी उंट ई६ केला आणि शांतपणे माझ्या ए२ आणि सी३ च्या प्याद्यांभोवती मोहरे लावले. दोन्ही एकाकी, आधाराला शेजारी कोणी नाही. वजीर गेल्यामुळे हल्ला नाही. बेचाळिसाव्या खेळीला मी राजा आडवा केला.

डाव झाल्यावरचं बोलणं जसंच्या तसं लिहिते.

"अगं, आठवी खेळी किती वेळात केलीस?"

"लगेच. प्यादं परत मिळत होतं, आण्णा."

"तुझं प्यादं हातउसनं दिलेलं होतं का विकलेलं?"

मला उत्तर सुचलं नाही.

"विकलंस ना? मग त्याची किंमत वसूल करायची. तू प्यादंच परत मागत बसलीस. मी ते आनंदानं परत दिलं, बदल्यात तुझा वजीर काढून घेतला."

घरी आल्यावर कळलं, हा बचाव जुना जगज्जेता इमॅन्युएल लास्करच्या नावाने ओळखला जातो. त्याची कल्पनाच ही: घेतलेलं प्यादं योग्य वेळी परत करायचं आणि गॅम्बिट खेळणाऱ्याला अशा शेवटात ओढायचं जिथे त्याची प्यादी विस्कटलेली आहेत. एव्हान्सची लाट ओसरण्यात या बचावाचा वाटा मोठा.

समासातला आकडा: आठव्या खेळीला दोन सेकंद.

६ जुलै

आषाढी. सुट्टी, बाहेर पाऊस, पूर्ण दिवस पटावर.

अँडरसन आणि डुफ्रेन, बर्लिन १८५२, ज्या डावाला 'सदाहरित' म्हणतात. लहानपणी मी हा डाव शेवटच्या पाच खेळ्यांसाठी पाठ केला होता, वजीर देऊन दोन उंटांनी केलेली मात. आज पहिल्या सोळा खेळ्यांवर थांबले. काळ्याने सातव्या खेळीला डी३ करून एक प्यादं पुढे टाकून दिलं. अँडरसनने ते लगेच घेतलं नाही. वजीर बी३, ई५, हत्ती ई१, उंट ए३, आणि मग कुठे सोळाव्या खेळीला उंटाने डी३ घेतलं. नऊ खेळ्या ते प्यादं तिथे पडून होतं. दरम्यान ए१ चा हत्ती सोडला तर पांढऱ्याचा प्रत्येक मोहरा कामाला लागला होता.

आण्णांचं बोलणं आणि हा डाव एकच गोष्ट सांगतायत. मला ती बोटांत उतरवायची आहे.

१३ जुलै

नवी व्यवस्था: सहाव्या खेळीनंतर काळ्याने डी६ केलं तर कॅसलिंग नाही, आधी ७. वजीर बी३. लास्करची वाट बंद.

आज ऑनलाइन एकाने याला ७... वजीर ई७ असं उत्तर दिलं. एफ७ राखलं, दिसायला सरळ. पण ८. डी५! सी६ च्या घोड्यावर प्याद्याचा हल्ला आणि तो हलला की वजीर ए४ वरून राजाला शह आणि ए५ च्या उंटावर मारा, एकाच वेळी. घोडा डी४ वर आला, मी घोड्याने घेतला, त्याने प्याद्याने, आणि वजीर ए४ शह. उंट पडला. हे घरच्या पटावर आधी सापडलेलं होतं, त्यामुळे आनंद दुप्पट. काळ्याने ७... वजीर डी७ करायला हवं होतं. तिथून वजीर एफ७ राखतो आणि ए४ वरून येणारा शहही अडवतो.

२९ जुलै

आजची नोंद गॅम्बिटची नाही. काल जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला. एकोणीस वर्षांची मुलगी. जिंकल्यावर आईला मिठी मारून रडली, ते बघताना माझेही डोळे भरले. १९७४ मध्ये महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकरांनी जिंकली होती. माझी आई जयश्री आणि रोहिणी खाडिलकरांच्या बातम्या कापून ठेवायची. ती फाइल आज काढली. कागद पिवळे पडलेत. मागे एक कोरं पान लावून ठेवलं, कालच्या बातमीसाठी.

९ ऑगस्ट

कास्पारोव्ह आणि आनंद, रिगा, एप्रिल १९९५, मिखाईल तालच्या स्मरणार्थ भरलेली स्पर्धा. त्याच वर्षी पुढे दोघं न्यूयॉर्कला जगज्जेतेपदासाठी भिडले. शतकभर मागे पडलेलं शस्त्र कास्पारोव्हने आनंदविरुद्ध काढलं. हा डाव मी आधी पाच-सहा वेळा बघितला असेन, पण प्यादी मोजत आज पहिल्यांदा.

आनंदने उंट ई७ वर नेला आणि डी४ नंतर घोडा ए५, म्हणजे सी४ च्या उंटावर. आधुनिक आणि शहाणी मांडणी. कास्पारोव्ह उंट ई२ वर मागे घेतो. हल्ला करणारा माणूस मागे जातो, हे मला थांबून बघावं लागलं. मग ई-डी आणि वजिरानेच डी४ वर घेतलं. नंतर ई५, वजीर एच४, वजीर जी३. जी७ वर दाब, काळ्याला जी६ करावं लागलं आणि काळी घरं उघडी पडली. पंधराव्या खेळीला उंट एच६. ई५ चं प्यादंही गेलं, त्याची त्याला पर्वा नाही.

पंचविसाव्या खेळीला हत्ती ई१ आणि आनंदने डाव सोडला. त्या क्षणी पटावर पांढऱ्याची प्यादी चार, काळ्याची सहा. बाकी मोहरे संख्येने सारखे. दोन प्यादी कमी असलेला जिंकतो, कारण काळ्याचा राजा कॅसलिंग न करता एफ७ वर अडकलाय आणि ई६ चा उंट जागेवरून हलू शकत नाही.

हा आकडा मी मोठ्या अक्षरात वहीच्या आतल्या पानावर लिहिला: ४ विरुद्ध ६.

२४ ऑगस्ट

हार. पाचव्या खेळीला काळ्याने उंट डी६ वर ठेवला. स्वतःच्याच डी-प्याद्यासमोर उंट, दिसायला कुरूप. स्टोन-वेअर बचाव म्हणतात याला, बोस्टनच्या दोन खेळाडूंच्या नावावरून. मी हलक्यात घेतलं. ई५ चं प्यादं या उंटामुळे इतकं घट्ट राहतं की डी४ नंतर मधली फळी फुटतच नाही. मी घाईने घोडा जी५ वर फेकला, परतवला गेला, वेळ गेला. एक प्यादं कमी आणि बदल्यात काहीच नाही. यावर अजून उत्तर सापडलेलं नाही.

१४ सप्टेंबर

रशियाचा जुना खेळाडू चिगोरिन वाचते आहे. १८८९ च्या हवानातल्या जगज्जेतेपदाच्या लढतीत त्याने तेव्हाचा जगज्जेता स्टाइनिट्झवर वारंवार एव्हान्स टाकला. लढत स्टाइनिट्झने जिंकली. पण वाद मिटला नाही. १८९० आणि १८९१ मध्ये दोघे तारेने दोन डाव खेळले, स्टाइनिट्झ न्यूयॉर्कला आणि चिगोरिन सेंट पीटर्सबर्गला. त्यातला एक एव्हान्स. स्टाइनिट्झचं म्हणणं, काळा ए५ चा उंट आणि एफ६ चा वजीर घेऊन तग धरू शकतो. चिगोरिनने दोन्ही डाव जिंकले. खेळीमागे विचाराला दिवस मिळत असतानाही त्या एव्हान्समध्ये पांढऱ्याचा पुढाकार टिकला, हे माझ्या दृष्टीने त्या लढतीचं मोल. गॅम्बिट म्हणजे फक्त समोरच्याला घाबरवून चूक करायला लावणं, असं म्हणणाऱ्यांना मी तो डाव दाखवेन.

इंजिन मात्र आज साधारण बरोबरी, किंचित काळ्याकडे झुकतं माप देतं. ते मला मान्य आहे. माझ्या पातळीवर त्या किंचितला घड्याळ आणि घाम मोजावा लागतो.

काळ्याने चौथ्या खेळीला प्यादं नाकारून उंट बी६ केला तर ए४. मग ए५ ने उंटाची वाट अडवायची धमकी, म्हणून त्याला ए६ करावं लागतं. आठवड्यात तिघांनी नाकारलं, एक उंट सापडला.

१२ ऑक्टोबर

एकदिवसीय रॅपिड स्पर्धा, सात फेऱ्या, पंचवीस मिनिटं आणि खेळीमागे दहा सेकंद. पाचव्या फेरीत पांढरे मोहरे, समोर माझ्याहून सुमारे दोनशे गुणांनी वरचा कॉलेजचा मुलगा.

बी४ करताना हात थरथरला, हे लिहायला हवं. त्याने घेतलं. सी३, उंट ए५, डी४, डी६. जुलैपासून मी इथे वजीर बी३ करत आले. आज मुद्दाम कॅसलिंग केलं. त्याने बघता बघता उंट बी६ केला. लास्कर. बावीस जूनची तीच जागा, तीच आठवी खेळी.

मी सहा मिनिटं बसले. डी-ई, डी-ई इथपर्यंत तेच. पण वजीर मारायचा नाही. नववी खेळी वजीर बी३. प्यादं त्याच्याकडेच राहू दे. वजीर एफ६, उंट जी५, वजीर जी६, घोडा बी-डी२, आणि त्याने राजाच्या बाजूचा घोडा ई७ वर आणला. मी बाराव्या खेळीला तो घोडा उंटाने घेतला. आता खरा प्रश्न त्याच्यापुढे. सी६ च्या घोड्याने परत घेतलं तर ई५ चं प्यादं पडतं, माझा घोडा त्याच्या वजिरावर येतो आणि एफ७ कोसळतं. त्याला ते दिसलं. तो चार मिनिटं खपला आणि राजानेच घेतलं. राजा ई७ वर, पटाच्या मधोमध, कॅसलिंग कायमचं गेलेलं.

उंट डी५, घोडा सी४, हत्ती ए१ वरून डी१ वर. एक प्यादं कमी आणि मला त्याची भीती वाटत नव्हती. असं मला या वहीत पहिल्यांदा लिहिता येतंय. त्याचे मोहरे बाहेर यायला पंधरा खेळ्या लागल्या, घड्याळात त्याच्याकडे दीड मिनिट उरलं. मी तेविसाव्या खेळीला उंट बदलायला नको होता, दुसऱ्या दिवशी इंजिननेही तेच दाखवलं. तिथे जोर ओसरला. अडतिसाव्या खेळीला मी सततच्या शहाने बरोबरी घेतली, शह दिले नसते तर माझाच डाव गेला असता.

सही करताना मुलगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही वजीरावजिरी का केली नाहीत? सगळे करतात."

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. मुदत संपली. पांढऱ्याने एकूण ५८ डाव, बी४ पर्यंत पोहोचले १७. जिंकले ९, बरोबरी ३, हरले ५. पाचांपैकी दोन हारी त्या डी६ च्या उंटाकडून. रेटिंग होतं तिथेच आहे.

शह मोजायचं ठरवलं होतं. सतरा डावांत मी दिलेले शह ९४.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज उरकून संध्याकाळी मंडळात. आण्णा फराळाचा डबा घेऊन आलेले. त्यांनी दोन्ही मुठी पुढे केल्या, मी डावी निवडली, काळं प्यादं निघालं.

ई४, ई५. घोडा, घोडा. उंट, उंट. आण्णांनी चकलीचा तुकडा तोंडात टाकला, हात पुसला आणि बीचं प्यादं दोन घरं पुढे केलं. इतक्या वर्षांत त्यांना हे करताना मी बघितलं नव्हतं, आमच्यातल्या कोणीच नव्हतं. शेजारच्या पटावरचे दोघे उठून आले.

मी घेतलं. सी३.

मी उंट उचलला आणि डी६ वर ठेवला.

आण्णांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. घड्याळ त्यांचं चालू होतं. चार मिनिटं झाली, पाच झाली, ते त्या उंटाकडे बघतच होते.